वरबघे गावितभाऊ

खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी नोकरीत आणि नात्यात पुष्कळ पाहिली. पण घरात पाऊल टाकल्याबरोबर, पाण्याचा तांब्या पुढे यायच्याही आधी वासे मोजायला लागणारा माणूस एकच पाहिला. आमच्या शेजारचे गावितभाऊ.

दारात आलेला माणूस साधारणपणे घरातल्या माणसांकडे बघतो. गावितभाऊ वर बघतात. मान मागे टाकून, तोंड जरासं उघडं ठेवून ते आढ्यापासून वळचणीपर्यंत सगळं छप्पर निरखतात आणि मग बसायची जागा ठरवतात. ती कधीही तुळईखाली नसते. दोन तुळयांच्या मधोमध, भिंतीला पाठ लावून, दार जवळ ठेवून ते बसतात. मग विचारतात, "काय बाई, बरं हाय ना?" मी शाळेत शिकवते म्हणून ते मला बाई म्हणतात.

"डोक्यावर काय हाय ते आधी बघायचं, मग बूड टेकायचं," हे त्यांचं वाक्य आमच्या आळीतल्या लहान पोरांनाही पाठ आहे. जव्हारात मागून त्यांना सगळे वरबघे म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, कारण सरकारी कचेरीत त्यांनी इतकी वर्षं कारकुनी केली की निम्म्या गावाचं काही ना काही काम त्यांच्या टेबलावरून गेलेलं आहे. ते टेबलही म्हणे सरळ नव्हतं. नवे साहेब बदलून आले की विचारायचे, हे असं तिरकं का? गावितभाऊ वरच्या तुळईकडे बोट करायचे. साहेब वर बघायचे, आणि आठवड्याच्या आत साहेबांचंही टेबल तिरकं व्हायचं.

एकदा मोखाड्याला एका लग्नात आम्ही शेजारी बसलो होतो. मंगलाष्टकं चालू झाली आणि गावितभाऊंनी मान वर केली ती खाली करेनात. त्यांच्या बाजूच्या माणसाला वाटलं, वर साप आहे. त्यानं वर बघितलं, मग अख्ख्या रांगेनं बघितलं, मग नवरीच्या मामानं अंतरपाट सोडून बघितलं. अक्षता पडल्या त्या वधूवरांवर कमी आणि वर बघणाऱ्यांच्या तोंडात जास्त. जेवताना मी विचारलं, काय दिसलं तुम्हाला? ते म्हणाले, काय नाय, वासा जरा वाकडा होता, पण वय झाल्यावर आपण तरी कुठं सरळ राहतो.

त्यांची बायको जानकीबाई अगदी उलट. तिची नजर कायम जमिनीवर. अंगणात वाकलेली, वाफे करणारी, मातीत बोट खुपसून ओल बघणारी. एक वर बघायचा, एक खाली बघायची, म्हणून त्या घराचं बरं चाललं होतं असं आमचे हे म्हणायचे. पावसाळा तोंडावर आला की जानकीबाई पदराला गाठ मारून आळीत निघायची आणि घरोघर बी द्यायची. डांगराचं, काकडीचं, शिराळ्याचं आणि गावठी मक्याचं. मक्याचं बी तिनं लग्न होऊन पोशेऱ्याहून येताना माहेराहून आणलेलं होतं. त्याची कणसं वर्षभर तिच्या चुलीवरच्या तुळईला टांगलेली असायची, धुरानं काळी कुळकुळीत झालेली. "धुरातलं बी मरत नाय," असं ती सांगायची. आमच्या अश्विनीनं लहानपणी त्या मक्याची भाजलेली कणसं इतकी खाल्ली आहेत की तिच्या अंगात अर्धं रक्त पोशेऱ्याचं असेल.

जानकीबाई एका दिवाळीनंतर गेली. फार आजारी नव्हती. ताप आला आणि चार दिवसांत सगळं संपलं.

त्यांचा मुलगा ठाण्याला असतो. गुणी मुलगा, नाव ठेवायला जागा नाही. बापानं आता धुरात बसू नये, कौलं फिरवायला वर चढू नये, म्हणून त्यानं जुनं कौलारू घर उतरवलं आणि स्लॅबचं बांधून दिलं. गॅस आणला. दिवाणखान्याला पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग केलं आणि त्याच्या कडेनं निळे दिवे लपवले. जुनं लाकूड कोणी विकत नेलं. वास्तुशांतीला सगळ्या आळीनं घराचं कौतुक केलं. गावितभाऊ दारात उभे राहून वर बघत होते आणि वर बघण्यासारखं काहीच नव्हतं. मला म्हणाले, "आता कुठंबी बसलं तरी चालतं, बाई." मी हसले. मला वाटलं, चला, सुटला हा माणूस एकदाचा.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी काळजीखोर आहे. दूध उतू जाईल म्हणून मी ते गॅसवर ठेवायच्या आधीच घाबरते. एसटीत बसले की घाटात ब्रेक मीच दाबत असते. आमचं घर जुनं, कौलारू, पण आधीच्या मालकानं हॉलला खालून हार्डबोर्ड मारून घेतलेला होता. त्यावर काय आहे ते मला कधी दिसलं नव्हतं आणि म्हणून माझी झोप शाबूत होती.

यंदा अश्विनीचं लग्न ठरायच्या बेतात आलं. ती नाशिकला इंटिरियरचं काम करते. मुलाकडचे लोकही नाशिकचे. बोलणी करायला ते रविवारी आमच्याकडे येणार असं ठरलं, आणि त्याच्या पंधरवडाभर आधी अश्विनी सुतार घेऊन हजर झाली. हार्डबोर्ड काढायचा म्हणाली. लोक शहरात खोट्या तुळया करून छताला चिकटवतात आणि आपल्या घरी खऱ्या असून आपण त्या झाकून ठेवल्यात, असं तिचं म्हणणं. याला एक्सपोज्ड बीम म्हणतात, आई. मी म्हटलं, बाई गं, आमच्या पिढीनं आयुष्यभर जे झाकायला पैसे घातले ते तुम्ही उघडं करायला घालता.

पण हार्डबोर्ड निघाला आणि मीसुद्धा बघत राहिले. सागवानी तुळया, माणसाच्या कमरेएवढ्या जाड. सुताराच्या तासणीचे वार अजून दिसत होते. अश्विनीनं त्या घासून घेतल्या, तेल पाजलं, मधल्या तुळईवर पिवळे दिवे सोडले आणि सोफा बरोबर त्या तुळईखाली मांडला. हॉल असा काही देखणा दिसायला लागला की आमचे हे चहा प्यायला मुद्दाम आत येऊन बसायला लागले.

दुसऱ्याच सकाळी गावितभाऊ आले. दारातच थबकले. वर बघितलं. मी वाट बघत होते की आता ते दोन तुळयांच्या मधली जागा शोधतील. ते बसलेच नाहीत. एकेका तुळईखाली जाऊन उभे राहिले. मग स्टूल मागून घेतलं, वर चढले, मधल्या तुळईवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक केलं. खाली उतरले आणि म्हणाले, "हं."

एवढंच. चहा न घेता निघून गेले.

ज्या माणसानं साहेबांची टेबलं हलवली तो नुसतं "हं" म्हणून जातो, याचा अर्थ काय घ्यायचा? त्या दिवशी मी शाळेत पोरांना वजाबाकी शिकवताना दोनदा हातचा विसरले. घरी आल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, त्याला काय होतंय, शंभर वर्षं उभं आहे घर. मी म्हटलं, शंभर वर्षं झाली हीच तर भीती आहे.

पुढचे सगळे दिवस गावितभाऊ रोज सकाळी यायचे आणि वर बघत एकेक प्रश्न विचारायचे. वरून ओल उतरते का? मी म्हटलं, नाही. पण त्या संध्याकाळी मी टॉर्च घेऊन भिंतीचा कोपरान् कोपरा चाचपला. उंदीर हायत का? आता कौलारू घरात उंदीर नसतील तर काय हरणं असतील? मी आहेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग मांजर पाळणार का, म्हणाले. तुळई कुरतडण्याइतका उंदीर मी कुठं पाहिला नव्हता, पण विचारणारा माणूस साधा नव्हता. मग त्यांनी विचारलं, पूर्वी चूल कुठल्या अंगाला होती? धूर या तुळईला पोचायचा का? मला आठवलं, धूर लागलेलं लाकूड टिकतं म्हणतात. म्हणजे आमचं टिकणार नाही, असा मी अर्थ काढला.

शेवटी ते म्हणाले, सांजेला तुळईखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि सकाळी बघा, भुसा पडतो का. कीड लाकूड खात असली की बारीक पीठ खाली पडतं. झालं. माझी सकाळ आता देवपूजेच्या आधी त्या वर्तमानपत्रापाशी सुरू व्हायची. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी कागदावर पिवळसर चुरा. तशीच अंगणातून हाक मारून गावितभाऊंना बोलावलं. त्यांनी चिमूट उचलली, वास घेतला, जिभेला लावली आणि शांतपणे म्हणाले, "खारी हाय ही." आमचे हे पहाटे चहा घेऊन तिथंच बसले होते. त्या दिवशी मी यांच्याशी बोलले नाही.

रविवार जवळ येत चालला तशी माझी भूक गेली. डोळ्यांसमोर एकच चित्र. नाशिकची मंडळी सोफ्यावर बसली आहेत, मुलाची आई पोह्यांचा पहिला घास घेते आहे आणि वरून कर्र असा आवाज येतो. मी सोफा सरकवून भिंतीला लावला. अश्विनीनं तो परत आणला. मी पुन्हा सरकवला. ती चिडून म्हणाली, दिवे तुळईवर आहेत, माणसं काय अंधारात बसवायची? मी म्हटलं, अंधारात असली तरी जिवंत असतील. मग ती रडायला लागली. तिचं खरं होतं. तिच्या आयुष्याचा प्रसंग आणि आई छताकडे बघत फिरतेय. आळीतल्या बायकांनी मलाही वरबघी म्हणायला सुरुवात केली होती, असं मला नंतर कळलं.

शनिवारी दुपारी मला राहवेना. पडणार असेल तर पडणार म्हणून सांगा, आम्ही मंडळींना हॉटेलात बसवू, असं ठरवून मी गावितभाऊंच्या घरी गेले. वास्तुशांतीनंतर मी त्यांच्या घरात गेलेच नव्हते. तेच सारखे आमच्याकडे यायचे, त्यामुळे जायची वेळच आली नव्हती.

दार लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि धुरानं माझे डोळे चुरचुरले. मला वाटलं आग लागली. मग दिसलं. दिवाणखान्याच्या मधोमध लोखंडी घमेलं, त्यात गोवऱ्या धुमसत होत्या. छताचा पंखा काढून कोपऱ्यात ठेवलेला. उन्हाळ्याच्या दिवसांत तो माणूस बिनपंख्याचा राहत होता. आणि पंख्याच्या हुकाला टांगली होती मक्याच्या कणसांची एक जुडी, सोपटं मागे ओढून वेणीसारखी बांधलेली. जानकीबाई बांधायची तशीच. हुकाभोवतीचं पांढरंशुभ्र सीलिंग काळं झालं होतं. निळे दिवे धुरातून मिणमिणत होते. गावितभाऊ स्टुलावर उभे राहून, नाकाला रुमाल बांधून, एकेक कणीस फिरवून बघत होते.

मला बघून ते घाईनं उतरले. चोरी पकडल्यासारखा चेहरा. खुर्ची पुसून दिली. खाली घमेल्याच्या बाजूला पांढरं पीठ सांडलं होतं. या वेळी ती खारी नव्हती.

"पोरकिडा लागलाय कणसांना," ते म्हणाले. "तिनं ठेवलेलं शेवटचं बी मी परसात पेरलं. त्याची ही कणसं. डब्यात ठेवली तर कीड पडली. हितं टांगली, तर स्लॅबला धूर धरत नाय, बाई. वर जातो आन तसाच खाली येतो."

ते हात चोळत उभे होते.

"पोराचा फोन होता. पेंटर पाठवतो म्हणाला, सीलिंग परत पांढरं करायला. पंखा का काढला म्हणून रागावला. त्याचं काय चुकलं? बापासाठीच केलं त्यानं. त्याला कसं सांगू, का तुझ्या नव्या घरात आईचं बी मरतंय?"

मग घमेल्यातली गोवरी सारत ते म्हणाले, "तुमची मधली तुळई. मी सगळं बघितलं. ओल नाय, कीड नाय, हत्ती बांधला तरी हलायची नाय. जव्हारातली निम्मी घरं बघितली मी, तसली तुळई कुठं नाय. विचारायचं कसं, ते सुधरंना. पोरीनं येवढं सजवलंय."

इतके दिवस मी ज्या तुळईखाली जीव मुठीत धरून वावरत होते तिच्याबद्दल ते हे म्हणत होते. मला आधी हसू आलं, इतकं मोकळं वाटलं. आणि मग त्या काळ्या डागाकडे नजर गेली आणि रडूच आलं. नव्या घरात आल्यापासून हा माणूस घरोघर दारातच का थबकत होता, ते मला आत्ता समजत होतं. आम्ही त्याला हसत होतो आणि तो एका जुडीपुरती जागा शोधत होता. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "भाऊ, उद्या माणसं यायच्या आधी बांधून टाका. मांजर मी आणते."

रविवारी सकाळी ते धुतलेले कपडे घालून, जुडी छातीशी धरून आले. अश्विनी हॉलमध्ये फुलं लावत होती. तिला सांगायचा मला धीरच झाला नव्हता. तिनं जुडी बघितली. पुढे झाली, एक कणीस नाकाशी नेलं आणि म्हणाली, "हा जानकीमावशीचा मका ना?" गावितभाऊंनी मान हलवली. तिनं स्वतः स्टूल धरलं. ते वर चढले आणि मधल्या तुळईला सुंभानं जुडी बांधली. ते उतरल्यावर तिनं एक दिवा किंचित वळवून त्या जुडीवर सोडला.

मी मागच्या दाराशी घमेलं पेटवलं होतं. धूर हळूहळू आत यायला लागला. आमचे हे म्हणाले, नाशिकच्या लोकांना वाटेल आपल्याकडे गॅस संपलाय.

मंडळी आली. मुलाच्या आईनं बसल्याबसल्याच वर बघितलं. ती म्हणाली, किती सुंदर, असं डेकोरेशन आमच्याकडे कुठल्याच दुकानात मिळत नाही, तुम्ही कुठून मागवलं? मुलाचे आजोबा मात्र डोळे मिटून म्हणाले, चुलीचा वास येतोय, कितीतरी वर्षांनी. मग कोणी छताचा विषय काढला नाही. पोहे झाले, बोलणी झाली, सुपारी फुटली. तेवढ्या वेळात मी तुळईकडे एकदाही बघितलं नाही, कारण मला दुसरीकडे बघायचं होतं. गावितभाऊ सोफ्यावर बसले होते. बरोबर मधल्या तुळईखाली. इतक्या वर्षांत मी त्यांना तुळईखाली बसलेलं प्रथमच पाहत होते.

मंडळी निघाली, आम्ही सगळे त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेलो. गावितभाऊ आले नाहीत. मी ताटल्या आवरायला परत आले आणि हॉलच्या दाराशी थांबले. आतून हळू आवाजात बोलणं येत होतं. मला वाटलं, मुलाला फोन लावला असेल.

ते एकटेच होते. मान मागे टाकून, वर बघत, आपल्या घरच्या बोलीत बोलत होते. ती बोली मला अर्धीमुर्धी कळते. नवरामुलगा कसा आहे ते सांगत होते, उंच आहे पण जरा लाजतो. सासू बरी वाटली. पोह्यांत मीठ कमी होतं. अश्वी हिरव्या साडीत छान दिसत होती, मोठी झाली पोरगी. मग थोडं थांबले, काहीतरी ऐकून घेतल्यासारखे, आणि म्हणाले, होय होय, ठाण्याच्या पोराला मी आज फोन करतो, करतो म्हटलं ना.

मी आत गेले नाही. ताटल्या नंतर उचलता आल्या असत्या. मागच्या दाराशी जाऊन बघितलं तर घमेलं विझत आलं होतं. मी त्यात आणखी दोन गोवऱ्या टाकल्या आणि धूर नीट आत जातोय ना ते बघत तिथंच बसून राहिले.